बाबागाडी घ्याच!

घरात पाळणा हलणार अशी बातमी कळली की लगेच काय खरेदी करायची? काहीच नाही. आपल्याकडं बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्या नावानं सुईदोरासुद्धा आणत नाहीत. रिकामा पाळणा नुसता हात लागून हलला तरी आज्जी अंगावर येते. ही रीत अजिबात मोडू नका. ज्यानं ती घालून दिली त्याचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान असणार, असा मला दाट संशय आहे. नऊ महिने शांत डोक्यानं यादी करायची, चार ठिकाणी दर काढायचे, ज्यांच्या घरात पोरं आहेत त्यांना विचारायचं, असं लोक करायला लागले तर बेळगावच्या खडेबाजारानं जगायचं कशावर?

खरेदी करावी ती बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी. दोन रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर काढलेला, दाढी वाढलेला, पंचवीस जणांना फोनवर वजन सांगून घसा बसलेला बाप, याच्यासारखं गिऱ्हाईक नाही. आमची पोरगी जुलैत झाली, गडहिंग्लजला, तिच्या आईच्या माहेरी. तीन किलो शंभर ग्रॅम. तिसऱ्या दिवशी मी बेळगावला परत आलो आणि आंघोळ न करताच बाजार गाठला. दुकानदारानं एकच प्रश्न विचारला, "किती दिवसांचं?" म्हटलं, तीन. "मग हे लागतंयच की," म्हणत त्यानं एकेक खोकं काउंटरवर मांडायला सुरुवात केली. त्या 'लागतंयच की'वर मला आजपर्यंत उत्तर सुचलेलं नाही.

कपडे घ्याल तर सगळ्यात लहान मापाचे घ्या, आणि डझनाच्या हिशेबानं घ्या. पाचव्या महिन्याच्या आसपास बाळाचं वजन दुप्पट होतं आणि वर्षाला तिप्पट, असं डॉक्टर सांगतात. त्यांचं ऐकू नका, त्यांना हौस नसते. मी चौदा जोड घेतले. सहा तिच्या अंगाला लागले. शिवाय बारशाला आलेले वेगळे. त्यात एक मखमली सूट होता, पाठीवर पंख लावलेला. बाळानं पाठीवर झोपायचं असतं, तेव्हा पंखांचं काय करायचं हे शिवणाऱ्याला कुणी विचारलं नसावं. तो सूट आम्ही पिशवीसकट दुसऱ्याच्या बारशाला दिला. त्यांनी तिसऱ्याच्या. मागच्या महिन्यात निपाणीला एका बारशात त्याची गाठ पडली. अजून कोरा आहे. सीमाभाग त्यानं माझ्यापेक्षा जास्त पाहिला असेल.

लंगोटांकडं मात्र ढुंकून पाहू नका. ताजं बाळ दिवसाला दहाबारा वेळा ओलं करतं, आणि बेळगावच्या पावसाळ्यात धुतलेलं फडकं वाळायला दोन दिवस लागतात. हे गणित तिसरीतलं पोरगंही करेल, पण दुकानात मला कुणी सांगितलं नाही. लंगोट विकून सुटणार ते किती? शेवटी आमच्या आज्जीनं ट्रंक उघडली, आजोबांची जुनी धोतरं काढली, काठाला दात लावला आणि टर्रकन फाडली. एका धोतराचे किती तुकडे पडतात ते मी मोजत बसलो होतो. आज्जी मोजत नव्हती, तिचा हातच मोजत होता. चाळीसावर लंगोट झाले. सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, आडव्यातिडव्या दोऱ्या बांधल्या, बाहेर पाऊस धो धो, आत येणाजाणाऱ्याला वाकून चालावं लागे, आणि अर्धे ओले लंगोट इस्त्रीखाली चुर्र करत वाळत होते. धोतरं धुवून धुवून इतकी मऊ झालेली की हातात आहे की नाही कळू नये. पण फोटोत हे काही चांगलं दिसत नाही. त्यापेक्षा ढगांची नक्षी असलेलं जाड, न शोषणारं काहीतरी घ्या. डायपर प्रवासाला आणि रात्रीला बरे पडतात, हे मीही कबूल करतो. पण एकदम सहा पुडे, तेही सगळ्यात लहान मापाचे, घ्यायला माझ्यासारखंच डोकं लागतं.

आता आंघोळ. यासाठी प्लॅस्टिकचं टब घ्याच. आमच्याकडं दोन आली, एक मी घेतलेलं, एक गडहिंग्लजच्या मामांनी. सीमेवर राहण्याचा हा मोठा फायदा असतो. दोन राज्यांत एकाच दिवशी एकच वस्तू खरेदी होते आणि दोन्ही बाजू आपला हक्क सोडत नाहीत. टबात एक झोका होता, तळाला पाण्याची उष्णता दाखवणारं बदक होतं. मी ते सगळं न्हाणीत मांडून दाखवलं. आज्जीनं बदकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "ते राहू दे बाजूला. मी घालतो की न्हाऊ," म्हणाली. मग ती पाटावर बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं, दोन्ही पाय लांब पसरून जवळ घेतले. नडग्यांच्या खोबणीत पोरगी पालथी. डोकं पावलांकडं, हनुवटी घोट्याच्या वर, नाक मोकळं. बंबातलं पाणी घंगाळात, त्यात कोपर घालून बघितलं, थोडं गार ओतलं, परत कोपर. पाठीवरून तांब्याची धार आली की पोरगी रडायची थांबायची आणि भिंतीकडं बघत राहायची, जणू काही आठवतंय. बदक त्या दिवसापासून माझ्याकडं आहे. दाढीच्या मगात तरंगतं.

आज्जीचं सगळंच ऐकावं असं मात्र मी म्हणणार नाही, नाहीतर लेख एकांगी होईल. तीच आज्जी बोटावर मध घेऊन आली होती. वर्षाच्या आत बाळाला मध देऊ नये, त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळं क्वचित का होईना, अंग लुळं पाडणारा आजार होतो, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर तिनं मध स्वतः चाटून टाकला आणि काजळाची डबी काढली. काजळात शिसं असू शकतं म्हटल्यावर धुरी. धुराला नको म्हटल्यावर ती म्हणाली, "मग तू कसा जगलास बा?" याच्यावरही उत्तर नाही. घरात दोन प्रश्न अनुत्तरित आहेत, एक दुकानदाराचा आणि एक हिचा.

झोपण्यासाठी पूर्ण बिछाना-संच घ्यावा. मऊ गादी, चारी बाजूंनी लोड, डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी, वर कापसानं फुगलेली रजई आणि कोपऱ्यात अस्वल. बाळाला झोपवायला कडक, सपाट जागा हवी, पाठीवर झोपवावं आणि आजूबाजूला काही ठेवू नये. मऊ सामानात तोंड गाडलं गेलं तर त्याला ते बाजूला सारता येत नाही. पाळण्याच्या कडेनं बांधायचे ते लोड अमेरिकेनं २०२२ मध्ये कायदा करून विकायलाच बंद केले. पण अमेरिकेत मावश्या नसतात. "रिकामा पाळणा कसा दिसतोय बघ," असं तिथं कोण म्हणणार? आमच्यात दोन्हीकडच्या मावश्या म्हणाल्या. मग आम्ही संच घेतला, फोटो काढले आणि अस्वलाला पाळण्यात झोपवून पोरीला खाली, सतरंजीवर चारपदरी घडी घातलेल्या वाकळेवर झोपवलं. वाकळ म्हणजे आज्जीच्या इरकल लुगड्यांची, कानडीत जिला कौदी म्हणतात ती. अस्वल छान झोपायचं.

छत्रीसारखी उघडणारी छोटी मच्छरदाणी मात्र घेऊ नका. स्वस्त आहे, रोज लागते, घडी होते. अशा वस्तूत मजा नाही.

दुधाची बाटली आणि पावडरीचा डबा आधीच आणून ठेवा, म्हणजे आईचा धीर पहिल्याच आठवड्यात सुटेल. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरून पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात तर १९९२ चा कायदाच आहे, बाटलीची आणि पावडरीची जाहिरात करता येत नाही, आणि डब्यावर आईचं दूधच उत्तम असं छापावं लागतं. आपलाच माल घेऊ नका असं आपल्याच डब्यावर लिहिणारा दुसरा धंदा मला एकच माहीत आहे, तो विडीकाडीचा. ज्या आईला खरंच गरज असते तिला डॉक्टर सांगतात, ती गोष्ट वेगळी. पण शेजारच्या काकूंनी बाळ रडतंय म्हणून "दूध पुरत नसंल" असं जाहीर करणं, याला कुठल्याच कायद्यात कलम नाही.

वॉकरबद्दल थोडक्यात सांगतो. कॅनडानं २००४ पासून वॉकर विकायला बंदी केली, कारण पोरं त्यात बसून जिन्यावरून गडगडत होती. शिवाय त्यानं चालणं लवकर येत नाही. आपल्याकडं मात्र उंबरे आहेत, दोन पायऱ्यांचा सोपा आहे आणि पलीकडं तापलेला बंब आहे, म्हणजे वॉकरला खरा वाव इथंच.

मोटारीत बाळाची वेगळी खुर्ची? छे! हायवेवरून कोगनोळी नाक्याकडं जाताना बाळ पुढच्या सीटवर, आज्जीच्या मांडीवरच शोभतं. समोरची एअरबॅग मोठ्या माणसाच्या छातीच्या हिशेबानं फुगते, ही बारीक अक्षरातली माहिती वाचायला वेळ कुणाला आहे? मागच्या सीटवर, पाठ रस्त्याकडं करून बसवायची खुर्ची मी घेतली तेव्हा सासरे म्हणाले, "जावई, पोरीला रुसल्यागत उलटी का बसवलासा?" खरं सांगतो, सगळ्या खरेदीत जिचा एकही रुपया मला डाचला नाही ती वस्तू हीच, आणि जिच्यासाठी सगळ्यात जास्त टोमणे खाल्ले तीही हीच.

थर्मामीटरही टाळा. घरात हाताच्या पाठीनं ताप बघणारी सात माणसं असताना यंत्र कशाला? तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर ताप गेला तर थांबायचं नसतं, सरळ दवाखान्यात न्यायचं असतं. सात हातांपैकी एकालाही तो ०.४ कळत नाही, पण सगळ्यांचं मत असतं.

कागदपत्रं ठेवायला एक मोठी पिशवी घ्या, ही सूचना खास आपल्या भागासाठी. जन्माची आणि दीड महिन्याची लस गडहिंग्लजला, मराठी कार्डावर. पुढच्या बेळगावात, कानडी कार्डावर. त्याचं नाव 'तायी कार्ड'. कानडीत तायी म्हणजे आई. आमची आज्जी मात्र वर्षभर "ताईचं कार्ड कुठं ठेवलंस?" विचारायची, आणि ताई म्हणजे माझी बहीण खानापूरहून फोन करून सांगायची की माझं लग्न होऊन बारा वर्षं झाली, माझं कसलं कार्ड? दोन्ही कार्डं शेजारी ठेवून नर्सबाईंनी तारखा जुळवल्या, एका मिनिटात. १९५६ पासून जे कुणाला जमलं नाही ते त्यांनी पेनाच्या टोपणानं केलं.

राहिली बाबागाडी. ती घ्याच. मी घेतली ती तीन चाकांची, कप ठेवायला जागा असलेली, एका हातानं मिटणारी. मिटवायला दोन माणसं लागतात. आमची गल्ली बेळगावातल्या शहापूरची. दाराबाहेर पडलं की गटारीवरची फरशी, फरशीच्या दोन फटी, पुढं दुचाक्यांची रांग, मग दुधाची गाडी, मग निवांत बसलेली म्हैस. पहिल्याच फटीत पुढचं चाक अडकलं. पोरगी आत शांत, मी बाहेर घामाघूम. समोरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "काय बा, पोरीला भाजीगत फिरवायलायस? कडेवर घे की!" घेतली. मग एका हातात पोरगी आणि दुसऱ्या हातात बाबागाडी, असे आम्ही फिरून आलो. त्यानंतर महिनाभर गाडी जिन्याखाली होती.

एका शनिवारी लाईट गेली, पीठ संपलं होतं आणि वरच्या गल्लीतल्या गिरणीत तेवढी लाईट होती. आज्जीनं जिन्याखालून गाडी ओढली, दहा किलो जोंधळ्याचा डबा सीटवर ठेवला, थोडं मागं-पुढं करून बघितलं आणि पट्टा लावला. पाचही टोकांचा. त्या पट्ट्याचं बक्कल मला कधी लागलं नव्हतं. फरशीपाशी तिनं गाडी मागून जरा उचलली, फट ओलांडली आणि म्हशीला हाड म्हणत पुढं गेली.

पोरगी आता साडेतीन वर्षांची आहे, गाडीच्या दांड्याला धरून आज्जीबरोबर चालते. गाडी उत्तम स्थितीत आहे, पावसाचं आवरण तर अजून खोक्यात आहे. कुणाला नवीन बाळासाठी हवी असेल तर येऊन बघून जा. फक्त शनिवारी येऊ नका, शनिवारी ती गिरणीला असते.