‘एक इंजेक्शन, सगळे कॅन्सर बरे’? थोडं थांबा

तो मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा येऊन पडला. मजकूर साधारण असा : ‘अमेरिकेत कॅन्सर खाणारा विषाणू तयार! एकच इंजेक्शन, सर्व प्रकारचे कॅन्सर बरे. केमोची गरज नाही. औषध कंपन्या ही बातमी दाबत आहेत.’ खाली नेहमीप्रमाणे जोडलेले हात.

गोम अशी की पहिलं वाक्य अगदीच हवेतलं नाही. मे २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘सिटी ऑफ होप’ या कॅन्सर रुग्णालयाने आणि ‘इम्युजीन’ या ऑस्ट्रेलियन कंपनीने ‘व्हॅक्सिनिया’ या विषाणूचा डोस पहिल्या रुग्णाला दिल्याचं जाहीर केलं. देवीच्या लशीतला विषाणू ज्या कुळातला, त्याच कुळातल्या विषाणूंचा संकर करून तो बनवलाय. पण ती चाचणी पहिल्या टप्प्याची होती, आणि त्या टप्प्यात मुख्यतः माणसाला डोस किती सोसतो ते बघतात. ‘सर्व प्रकारचे कॅन्सर’ हे शब्द आले ते प्रयोगशाळेत बशांमध्ये वाढवलेल्या पेशी आणि उंदरांवरून. उंदीर बरे करण्यात आपण फार पुढे गेलोय.

‘एकच इंजेक्शन’ हा भाग तर सरळ खोटा. अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ मध्ये मंजूर झालेल्या टी-व्हेक या कॅन्सरवरच्या विषाणू-औषधाचंच बघा. तापानंतर ओठांवर बारीक फोड उठतात ना, त्या हर्पिस विषाणूची दोन जनुकं काढून आणि एक माणसाचं घालून हे औषध केलंय. काढलेल्यांपैकी एक नसल्याने तो निरोगी पेशीत नीट वाढू शकत नाही. कॅन्सरच्या पेशीची अंतर्गत राखण ढिली असते, तिथे मात्र वाढतो आणि पेशी फोडतो. घातलेलं जनुक प्रतिकारशक्तीच्या पेशींना तिथे बोलावून घेतं. फुटलेल्या पेशीचे तुकडे बघून त्या शत्रू ओळखायला शिकतात. निम्मं काम विषाणूचं, निम्मं आपल्याच शरीराचं.

हे औषध उणे ७० अंशांच्याही खाली गोठवून ठेवतात आणि सुई थेट गाठीत टोचतात. पहिला डोस सौम्य, तीन आठवड्यांनी शंभरपट तीव्र, मग दर दोन आठवड्यांनी, निदान सहा महिने. टोचलेली जागा पट्टीने झाकून ठेवायची आणि घरच्यांनी पट्टी बदलताना हातमोजे घालायचे, कारण आत जिवंत विषाणू आहे.

एवढं करून फळ काय? मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या ४३६ रुग्णांवरच्या चाचणीत सहा महिने किंवा जास्त टिकणारा प्रतिसाद (म्हणजे गाठी बऱ्याच आक्रसणं किंवा नाहीशा होणं) १६.३ टक्के रुग्णांत दिसला. तुलनेच्या गटात २.१ टक्के. ज्याला तो मिळाला त्याच्यासाठी ही मोठीच गोष्ट. पण शंभरात सोळा म्हणजे ‘सर्व’ नव्हे. मंजुरीही कुठली, तर शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या मेलॅनोमाच्या गाठींवर स्थानिक उपचार म्हणून. जपानने २०२१ मध्ये असाच एक हर्पिस विषाणू मेंदूच्या गाठीसाठी मंजूर केला, तोही सशर्त. यकृताच्या कॅन्सरवरच्या पेक्सा-व्हेक या विषाणू-औषधाची मोठी चाचणी २०१९ मध्ये फायदा दिसण्याची चिन्हं नसल्याने थांबवावी लागली.

‘केमोची गरज नाही’ म्हणणाऱ्याने चीनचं उदाहरण बघावं. तिथे २००५ मध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी बदललेला अ‍ॅडेनोव्हायरस (सर्दी आणणारा एक विषाणू) मंजूर झाला तो केमोसोबत देण्यासाठी. मला या मेसेजचा राग येतो तो इथेच : कोणी चालू उपचार मध्येच सोडला तर गेलेले महिने परत येत नाहीत.

आणि कंपन्या दाबतात म्हणे! टी-व्हेक बनवणारी छोटी बायोव्हेक कंपनी अ‍ॅमजेन या बड्या औषध कंपनीने २०११ मध्ये विकत घेतली, ४२.५ कोटी डॉलर रोख आणि पुढे जास्तीत जास्त ५७.५ कोटी देण्याच्या बोलीवर. दाबायचं असतं तर एवढे पैसे मोजून ते मंजुरीपर्यंत कशाला नेलं असतं?

हे सगळं ग्रुपवर लिहिलं, तर मावशीने लगेच दुसरी बातमी टाकली : ‘क्रोएशियाच्या शास्त्रज्ञ बाईने स्वतःला विषाणू टोचून स्तनाचा कॅन्सर घालवला.’ बेआता हलासी यांचं हे प्रकरण खरं आहे, २०२४ मध्ये शोधनिबंध छापून आला. गोवराच्या लशीतला आणि दुसरा एक विषाणू त्यांनी प्रयोगशाळेत वाढवून टोचून घेतला आणि गाठ आक्रसली. मग ती शस्त्रक्रियेने काढली. त्यानंतर वर्षभर त्यांनी ट्रॅस्टुझुमॅब हे कॅन्सरवरचं औषध घेतलं. मावशीच्या बातमीत गाठ आक्रसल्यानंतरचं काहीच नव्हतं.