शिवी ओळखणं सोपं, लेबल ओळखणं अवघड

अरब वाहिन्यांवरच्या पंथद्वेषी भाषेबद्दलच्या लेखात ‘रवाफिद’ (नाकारणारे), ‘मजूस’ (अग्निपूजक) अशा शियांना दिल्या जाणाऱ्या उघड शिव्यांवर सगळा भर आहे. त्या मुख्यतः ‘विसाल’सारख्या सुन्नी धार्मिक वाहिन्यांवर सापडतात. मोठ्या वृत्तवाहिन्यांवर हेच काम जास्त सफाईने होतं. पंथ कोणाच्या नावापुढे लागतो आणि कोणाच्या नाही, तेवढं बघा. इराकमधल्या सशस्त्र गटांची आघाडी ‘हश्द अल-शाबी’ आखाती देशांच्या बातम्यांत ‘शिया मिलिशिया’ होते. लेबनॉनमधल्या शिया संघटनेच्या, हिजबुल्लाच्या, ‘अल-मनार’ वाहिनीवर सीरियातले असदविरोधी बंडखोर सरसकट ‘तकफीरी’ (इतर मुसलमानांना काफिर ठरवणारे) असायचे. दोन्हीकडे गटाचं राजकारण पुसलं जातं आणि त्या पंथातला सामान्य माणूसही त्याच खात्यात जमा होतो. असद ज्या पंथाचे, त्या अलवींना ‘नुसैरी’ असं हिणवलं की २०२४ मध्ये कोसळलेली असदची राजवट आणि सीरियातल्या लताकियाचा शाळामास्तर यांत फरक उरत नाही.

अशा वाहिन्यांना सरकारांनी लगाम घालावा, ही लेखातली सूचना भाबडी वाटते. नोव्हेंबर २०१४ मध्ये सौदीतल्या अल-अहसात आशुराच्या (इमाम हुसेन यांच्या स्मृतिदिनाच्या) वेळी शियांवर गोळीबार झाला. माहितीमंत्री अब्दुलअझीझ खोजा यांनी ‘विसाल’चं रियाधमधलं कार्यालय बंद करण्याचा आदेश जाहीर केला, आणि पाठोपाठ त्यांचंच मंत्रिपद गेलं!

आपल्याकडेही वृत्तसंस्थेकडून आलेलं, येमेनमधल्या हौथींबद्दलचं ‘शिया हौथी बंडखोर’ जसंच्या तसं छापतात. हौथी झैदी या शिया उपपंथाचे आहेत. इमामाबद्दलची त्यांची धारणा इराणच्या बारा इमामी शियांपेक्षा वेगळी, फिक्ह (धर्मशास्त्रीय कायदा) तर सुन्नींच्या बरंच जवळचं. एवढं सांगायला बातमीत दोन ओळी पुरतात.