एक खिळा पुरतो म्हणे!

घरात चित्रं कशी टांगावीत, त्यांचा मध्य जमिनीपासून 145 सेंटिमीटरवर का ठेवावा, यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया इतरांनाही कळावी म्हणून थोडक्यात देतो: ‘उन्हाळाभर संग्रहालयं पालथी घातली की घराचं संग्रहालय करायची हौस येतेच. चित्र टांगायला एक खिळा पुरतो, 145 सेंटिमीटरचं पुराण कशाला? उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.’ पुढे पांढऱ्या भिंती आणि महागड्या दिव्यांवर दोन टोमणे.

आधी उंटाचं बघू. असहमती असायला हरकत नाही, पण समोरच्याने कधी हातात ड्रिल धरलंच नसेल हे गृहीत धरून बोलायची ही कुठली रीत? बावीस वर्षं प्रदर्शनांच्या भिंतींवर चित्रं चढवतोय. एवढं सांगून थांबतो, नाहीतर तेही पुराण ठरायचं.

एक चूक मान्य. मूळ लेखात एके ठिकाणी सेंटिमीटरऐवजी मिलिमीटर छापलं गेलं होतं. दुरुस्त केलं आहे, आभार.

आता तुमचा तो एक खिळा. एका बिंदूवर टांगलेली फ्रेम म्हणजे लंबकच. दार आपटलं, कुणी फडकं फिरवलं की तार हुकावरून सरकते आणि चित्र कलतं. म्हणून हूक दोन लागतात, एकमेकांपासून साधारण फ्रेमच्या रुंदीच्या एक तृतीयांश अंतरावर. तार बांधायच्या मागच्या कड्या वरच्या काठापासून उंचीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश खाली, आणि तार थोडी सैल. तार तंबोऱ्यासारखी ताणून बांधणारेच जास्त भेटतात, आणि नेमकं तिथेच बिघडतं. तार आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक कडीवर फ्रेमच्या वजनाइतका ताण येतो; 10 अंशांवर तोच जवळजवळ तिप्पट होतो. मग स्क्रू लाकडातून उपसून येतात आणि दोष खिळ्याला दिला जातो.

145 चं गणितही सांगतो, दोन मिनिटांचं आहे. बऱ्याच संग्रहालयांत चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 152 सेंटिमीटरवर ठेवतात, कारण उभ्या माणसाची नजर साधारण तिथे असते. फ्रेम 60 सेंटिमीटर उंच असेल तर अर्धी उंची 30. हूक जिथे येणार त्या दोन जागी बोटांनी तार वर ताणा आणि वरच्या काठापासून अंतर मोजा. समजा 7 आलं. 145 अधिक 30 वजा 7, म्हणजे 168. ही उंची तार टेकते त्या खाचेची; खिळ्याचं भोक तिच्याही वर असतं. हा फरक विसरला की चित्र दोन-तीन सेंटिमीटर खाली येतं आणि भिंतीला दुसरं भोक पडतं. दोन्ही खुणा पाणसळीने जुळवा, छताची कड बघून नको. छतं सरळ असतात हा गोड गैरसमज आहे.

सोफ्यावर हा आकडा मोडतो, तिथे पाठीपासून 15 ते 20 सेंटिमीटर सोडून फ्रेम लावायची. हे मूळ लेखात होतं. तुम्ही तिथवर पोचला नसाल.

आणि विटांच्या भिंतीत नुसता खिळा बहुतेकदा गिलाव्यातच अडकलेला असतो. हलक्या फ्रेमला चालतं. जड फ्रेमसाठी 6 मिलिमीटरचं भोक, गिलावा ओलांडून विटेत जाईल एवढं खोल. आतली धूळ काढून गिट्टी (स्क्रू घट्ट धरणारी प्लास्टिकची नळी), मग स्क्रू. धूळ तशीच राहिली तर गिट्टी गोल फिरत बसते. जिप्समच्या भिंतीला ही गिट्टी धरत नाही, तिथे पोकळ भिंतीसाठीचाच अँकर हवा. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी बटणं चिकटवा, मागे हवा खेळती राहते आणि भिंतीवर काळी रेघ उमटत नाही.

‘घराचं संग्रहालय’ म्हणून हसलात, तर लंडनचं वास्तुविशारद सर जॉन सोन यांचं संग्रहालय आठवा. ते त्यांचं राहतं घरच होतं. 1833 च्या कायद्याने ते जसंच्या तसं जपायचं ठरलं, आणि 1837 मध्ये सोन वारले. तिथल्या एका छोट्या दालनात बिजागऱ्यांवर उघडणाऱ्या भिंती आहेत. फळी उघडली की मागे आणखी चित्रं. शंभरावर चित्रं त्या एवढ्याशा जागेत मावली. जागा कमी पडते ही तक्रार घरातलीच, आणि तोडगाही घरातच निघालेला.

दिव्यांबद्दल एवढंच: जलरंगांसाठी संग्रहालयं 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास थांबतात, कारण उजेडाने झालेलं नुकसान साठत जातं आणि परत भरून येत नाही. त्यासाठी महागडा दिवा लागत नाही, चित्र खिडकीसमोरच्या भिंतीवरून हलवावं लागतं. पांढऱ्या भिंतींवर मी एक ओळही लिहिली नव्हती, तेव्हा तो टोमणा कुणा दुसऱ्याच्या लेखासाठी असावा.