वर्दीला डोकं लागत नाही, हे खरं नाही

"अभ्यासात डोकं चालत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, वर्दीची वाट धरा. तिथे छाती लागते, ताकद लागते आणि हुकूम पाळायची तयारी लागते. पस्तिशीनंतर शरीर थकतं, तोवर कमवून घ्या." निकालाच्या दिवसांत अशा अर्थाचा मजकूर हमखास फिरतो. पुढे पाठवणाऱ्यांना मुलांना धीरच द्यायचा असतो, हे मान्य. पण अग्निशमन, रुग्णवाहिका, सैन्य अशा वर्दीच्या कामांत चुकीची समजूत जिवावर बेतते, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा डोक्याचा. शाळेतले गुण कमी असणं वेगळं आणि शिकायची तयारी नसणं वेगळं. पहिलं चालतं, दुसरं अजिबात चालत नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात १९६७ साली 'फ्रीडम हाउस' ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तोवर तिथे जखमींना पोलिसांच्या गाडीतून नेत आणि वाटेत उपचार जवळपास नसतच. नव्या सेवेत घेतलेले तरुण बहुतांशी बेरोजगार कृष्णवर्णीय होते, काहींची शाळाही अर्धवट सुटलेली. सीपीआरच्या, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याच्या पद्धतीच्या, जनकांपैकी एक असलेले डॉ. पीटर सफार यांनी त्यांच्यासाठी सुमारे ३०० तासांचा अभ्यासक्रम आखला. शरीररचना, श्वासमार्ग मोकळा करणं, थांबलेलं हृदय हाताळणं, सगळं त्यात होतं. अमेरिकेतल्या अगदी पहिल्या पॅरामेडिकांमध्ये, म्हणजे रुग्णालयात पोचेपर्यंत उपचार करणाऱ्या प्रशिक्षितांमध्ये, आज याच मुलांची गणना होते. शाळेने ज्यांना सोडून दिलं होतं, त्यांना इथे संधी मिळाली. अभ्यासातून सूट मात्र मिळाली नाही.

आपत्कालीन फोन उचलणाऱ्याचंही तेच. हृदय बंद पडलेल्याला छातीदाब मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. रडणाऱ्या नातेवाइकाकडून मिनिटाला १०० ते १२० दाब करवून घ्यायचे, तेही फोनवरून. यात दंडाची ताकद कुठे लागते?

'छाती लागते' या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग येतो, कारण ते ऐकून माणसं मरतात. टाकीत किंवा मॅनहोलमध्ये कोणी बेशुद्ध पडलं की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ साली नोंदवलं की अशा बंदिस्त जागांतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले होते. अशा जागांत साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूला सडक्या अंड्यांसारखा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकाला तो जाणवेनासा होतो. वास गेला, म्हणजे हवा सुधारली, असं वाटून माणूस उतरतो आणि संपतो. प्रशिक्षित जवान आधी वायुमापक खाली सोडतो, हवा खेळती करतो, स्वतःचा श्वसनसंच लावतो, अंगाला दोर बांधून दुसरं टोक वरच्या सहकाऱ्याकडे देतो. काठावरचे लोक ओरडत असतात की हा वेळ काढतोय, घाबरलाय. त्या ओरडण्याकडे लक्ष न देता क्रम पाळणं, याला मी धाडस म्हणेन.

काजळीचंही तसंच. अग्निशमनाचं काम कर्करोगाला कारण ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली जाहीर केलं आणि त्याला सर्वांत ठोस पुराव्याच्या गटात टाकलं. काळवंडलेला पोशाख मिरवायचा नसतो. तो लगेच उतरवून धुवायचा असतो, घरी न्यायचा नसतो.

हुकूम पाळायची तयारी लागते, हे अर्धंच खरं आहे. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या मॅन गल्च दरीत ५ ऑगस्ट १९४९ रोजी वणवा विझवायला पॅराशूटने उतरलेल्या तुकडीवर आग उलटली. म्होरक्या वॅग्नर डॉज याने समोरचं गवत स्वतःच पेटवलं, जळून गेलेल्या जागेत शिरला आणि सोबत्यांनाही बोलावलं. जिथे जळायला काही उरलं नाही, तिथे वणवा येणार नाही, हे त्याला ऐनवेळी सुचलं होतं. पण आगीपुढे पळताना आणखी आग लावणाऱ्याचं कोणालाच पटलं नाही. डॉज वाचला, १३ जण गेले, त्यात बरेचसे अगदी तरुण होते. हुकूम होता आणि देणारा अनुभवी होता. त्यामागचं कारण मात्र कोणाला कधी शिकवलेलं नव्हतं. त्यानंतर अमेरिकेच्या वनसेवेत वणव्याच्या वागण्याचा अभ्यास आणि प्रशिक्षण दोन्हींवर भर आला. सैनिकाला तर हुकूम ऐकताना तो कायद्यात बसतो का, हेही कळावं लागतं. 'वरून आदेश होता' एवढ्याने दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यांत कोणाची सुटका झाली नाही.

पस्तिशीचा मुद्दा चटकन संपतो. नियंत्रण कक्ष, आगीच्या कारणांचा तपास, इमारतींची सुरक्षा तपासणी, संदेशवहन, रसद, नवख्यांचं प्रशिक्षण, ही कामं वाढत्या वयात अधिक चांगली होतात. मात्र त्यासाठी नोकरीत असताना शिकत राहावं लागतं, आणि 'तोवर कमवून घ्या' हा सल्ला नेमकं तेच टाळायला सांगतो.

मजकुरातली एक गोष्ट खरी आहे: शरीर कसलेलं हवं. पण त्यात न सांगितलेलीही एक गोष्ट आहे. रात्रपाळ्या, जळालेली-चिरडलेली माणसं, वाचवता न आलेलं मूल, यांचा मनावर भार साचतो. त्यावर बोलायची, मदत घ्यायची सोय नसलेल्या ठिकाणी दणकट मुलंही आतून खचतात.

तेव्हा भरतीला जाणाऱ्या मुलामुलींनी धावण्याच्या सरावाइतकाच वेळ चौकशीला द्यावा. प्रशिक्षण किती महिन्यांचं आहे आणि ते पुरं होण्याआधी कामावर पाठवतात का? श्वसनसंच, हातमोजे, हेल्मेट प्रत्येकाला मिळतं की पाळीपाळीने वापरायचं? तिथलं प्रमाणपत्र दुसरीकडे चालतं का? वाईट घटनेनंतर समुपदेशक भेटतो का? ही उत्तरं भरती करणाऱ्यांकडून घ्याच, आणि तिथेच पाच-सात वर्षं काढलेल्या एखाद्याकडूनही वेगळी विचारून घ्या.