सासरचं कुलदैवत

'स्टेडियम रिकामंच असायचं, मग अ‍ॅथलेटिक्स ओकलंड सोडून गेले म्हणून रडायचं कशाला?' हा एका लेखातला प्रश्न वाचून सासरे आठवले. माझं सासर अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचं आणि अ‍ॅथलेटिक्स हा बेसबॉल संघ म्हणजे तिथलं कुलदैवत! १९७२, ७३, ७४ अशा लागोपाठ जिंकलेल्या तीन वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची दरवर्षीची अजिंक्यपदाची मालिका), आणि १९८९ची भूकंपाने दहा दिवस अडलेली. जेवायला बसलं की हीच पोथी सुरू. मला तेव्हा बेसबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं (अजूनही बेताचंच). २६ सप्टेंबर २०२४ला ओकलंडच्या कॉलिसियम स्टेडियममधला संघाचा शेवटचा सामना ३-२ने जिंकलो. सासरे मात्र जागचे उठेनात. हिरवी टोपी मांडीवर, नजर मैदानावर. नवरा आणि दीर दोघं दोन बाजूंना गप्प बसून. आता संघ सॅक्रामेंटोत खेळतो, तासा-दीड तासाच्या अंतरावर. सासरे अजून एकदाही गेलेले नाहीत.