५.५६ची गोळी ‘फक्त जखमी करायला’ बनवली होती का? एका माजी जवानाच्या प्रतिक्रियेला उत्तर

जय हिंद.

इन्सास (आपल्या लष्कराची ५.५६ मिलिमीटरची रायफल) आणि तिच्या काडतुसावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही ‘एक माजी जवान’ या नावाने सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ५.५६ची गोळी मुळात शत्रूला मारायला नव्हे, जखमी करायला बनवली. एक पडला की त्याला उचलायला दोघं गुंततात, हा त्यामागचा हिशोब. अतिरेकी जखमी साथीदारासाठी थांबत नाही, स्वतः जखमी झाला तरी गोळीबार चालू ठेवतो, म्हणून ती आपल्याकडे फसली आणि लष्कराला ७.६२ मिलिमीटरच्या जाड गोळीकडे परतावं लागलं. शेवटी तुम्ही म्हणता, ‘काडतूस हलकं झालं म्हणून जवान दुबळा झाला नाही’ हे माझं वाक्य मी काढून टाकावं.

एसएलआर, म्हणजे इन्सासच्या आधीची ७.६२ची रायफल, वागवलेल्या माणसाने हे लिहिलंय, त्यामुळे मी ते वरवर घेत नाही. पण यातल्या दोन्ही मुख्य गोष्टी मला पटत नाहीत. का, ते सांगतो.

‘जखमी करणारी गोळी’ ही समजूत फार पसरलेली आहे. या काडतुसाच्या जन्माकडे पाहिलं तर तिला आधार सापडत नाही. दुसरं महायुद्ध आणि कोरियातल्या लढायांचा अमेरिकी लष्कराने अभ्यास केला, तेव्हा पायदळाचा बहुतेक परिणामकारक गोळीबार ३०० यार्डांच्या आत होतो असं दिसलं. मग १९५७ मध्ये हलक्या रायफलीची मागणी पुढे आली: कॅलिबर (गोळीचा व्यास) .२२ इंच, आणि ५०० यार्डांवर पोलादी हेल्मेट भेदलं गेलं पाहिजे. शत्रूला नुसतं जायबंदी करायचं असतं तर डोक्यावरचं हेल्मेट भेदण्याची अट कोणी कशाला घातली असती?

खरं कारण वजनाचं होतं. ७.६२ × ५१चं (पहिला आकडा गोळीचा व्यास, दुसरा पुंगळीची लांबी, मिलिमीटरमध्ये), म्हणजे तुमच्या एसएलआरचं एक काडतूस साधारण २४ ग्रॅमचं, ५.५६ × ४५चं १२ ग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच ओझ्यात जवानाजवळ दुप्पट राउंड राहतात. झटका कमी, म्हणून दुसरी गोळी लवकर आणि नेमकी जाते. किंमत अर्थातच मोजावी लागते. एसएलआरची साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८४० मीटरने निघते, तिची ऊर्जा ३,३०० ज्यूलच्या पुढे. ५.५६ची चार ग्रॅमची गोळी ९२०च्या आसपास वेगाने निघूनही १,७०० ज्यूलपर्यंतच पोचते. लांबवर, वाऱ्यात किंवा भिंतीआड हा फरक जाणवतो, आणि तुमचा अनुभव तेच सांगतोय.

पण ऊर्जेचा आकडा म्हणजे जखम नव्हे. अमेरिकी लष्करातले सर्जन मार्टिन फॅकलर यांनी गोळी शरीरात नेमकं काय करते याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. ५.५६ची जुनी एम-१९३ गोळी आत शिरल्यावर आडवी होते आणि वेग पुरेसा असेल तर तुटून तिचे तुकडे पसरतात, हे त्यांनी दाखवलं. हा वेग सेकंदाला साधारण ८०० मीटरच्या वर लागतो. लांब नळीतून सुटलेली गोळी दीडशे मीटरच्या पुढेही तो टिकवते; आखूड नळीच्या कार्बाइनमधून तो बराच आधी संपतो. वेग उतरला की तीच गोळी बारीक भोक पाडून पलीकडे जाऊ शकते. ‘गोळी लागली तरी माणूस पडला नाही’ अशा तक्रारींचं एक मोठं उत्तर इथे आहे. त्यात भर पडली एसएस-१०९ची. १९८०मध्ये नाटोने ही बेल्जियन गोळी निवडली, कारण तिच्या टोकाजवळ पोलादाचा तुकडा आहे आणि ६०० मीटरवर ती साडेतीन मिलिमीटरचा पत्रा भेदते. भेदकता वाढली, पण तुटण्याची वागणूक तितकी भरवशाची राहिली नाही. अफगाणिस्तानातल्या तक्रारींनंतर अमेरिकेने २०१०मध्ये नवी एम-८५५ए१ आणली, ती याच कॅलिबरची! आकडा तोच राहिला, आतली बांधणी बदलली.

बांधणी किती फरक करते, हे आपल्याच जुन्या .३०३ इंची रायफलीच्या गोळीवरून दिसतं. १८९०च्या दशकात कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात उघड्या टोकाची, शरीरात फुलणारी गोळी बनली आणि १८९९च्या हेग जाहीरनाम्याने तसल्या गोळ्यांवर बंदी घातली. तेव्हापासून सैन्याची गोळी पूर्ण धातूच्या आवरणात असते. १९१०ची .३०३ मार्क-७ही तशीच होती. पण तिच्या टोकात, आवरणाच्या आत, शिशाऐवजी ॲल्युमिनियम भरलं होतं. पुढचा भाग हलका, मागचा जड, त्यामुळे शरीरात शिरताच ती कोलमडायची. .३०३च्या दराऱ्याची गोष्ट सांगताना लोक जाडीचं कौतुक करतात. माझ्या मते त्यातला मोठा वाटा त्या हलक्या टोकाचा होता.

आता ‘७.६२कडे परत’. हे ७.६२ एक नाही, दोन आहेत, आणि तुमच्या प्रतिक्रियेत ते एकत्र झालेत. एसएलआरचं ५१ मिलिमीटर पुंगळीचं आणि एके-४७ रायफलीचं ३९ मिलिमीटरचं ही वेगळी काडतुसं. एकाचं दुसऱ्या रायफलीत चालत नाही. एकेची आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला ७१५ मीटरने निघते, ऊर्जा साधारण २,००० ज्यूल. म्हणजे ती ५.५६पेक्षा थोडीच वर आणि एसएलआरच्या बरीच खाली आहे. ३०० मीटरवर ती ५.५६च्या जवळपास दुप्पट खाली येते. काश्मीरमध्ये एके जवानांना प्रिय झाली ती जवळच्या लढाईत, झाडोऱ्यात आणि घराघरांत. तिथे हा उतार आड येत नाही आणि जड गोळी फांद्या-फळ्यांपुढे तग धरते. शिवाय ती रायफल सहसा अडत नाही. कारगिलच्या थंडीत इन्सासची प्लॅस्टिकची मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी आल्या. तो दोष मॅगझिनचा होता. रायफलीवरचा राग काडतुसावर काढला की पुढची खरेदीही चुकीच्या निकषावर होते, आणि त्याची झळ जवानालाच बसते. या चर्चेत मला सर्वात जास्त खुपतं ते हेच.

लष्कराने पुढे काय निवडलं तेही पाहा. २०१९मध्ये ७२,४०० सिग-७१६ रायफली घेतल्या, त्या ७.६२ × ५१च्या, आघाडीवरच्या तुकड्यांसाठी. अमेठीतल्या कोरव्याला बनणारी एके-२०३ आहे ७.६२ × ३९ची. आणि जवळच्या लढाईच्या सव्वाचार लाख कार्बाइनसाठी निविदा निघाली ती ५.५६ × ४५चीच. दरीपलीकडच्या चौकीवर नेम धरणाऱ्याला मी सिग देईन, जिना चढून खोलीत शिरणाऱ्याला कार्बाइन. तीन कामांना तीन काडतुसं निवडली गेली आहेत. हा पुरवठ्याला जड जाणारा निर्णय आहे, आणि तुम्ही त्यावर टीका केली असती तर मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो. खडकी आणि वरणगावच्या कारखान्यांपासून शेवटच्या चौकीपर्यंत योग्य पेटी योग्य हातात पोचवणं सोपं नाही.

ते वाक्य मी काढत नाही. त्याखाली तुमची प्रतिक्रिया आहे तशी राहील. तुमच्याकडून एक हवंय: गस्तीला निघताना एसएलआरचे किती राउंड बरोबर असायचे, आणि चढावर ते ओझं कसं वाटायचं, हे तुमच्या शब्दांत लिहून पाठवा. मी ते लेखाच्या शेजारीच छापीन.