‘आधी कॉम्प्रेसर घ्या’ : नवशिक्यांनो, घेऊ नका

चतुर्थी जवळ आली की गोव्यातल्या आमच्या फोंडा भागातल्या भजनी मंडळांत एक मजकूर फिरायला लागतो. घरी आरत्या-अभंग रेकॉर्ड करायचे तर आधी हार्डवेअर कॉम्प्रेसर (मोठे सूर दाबून मोठ्या-लहान आवाजातलं अंतर कमी करणारं यंत्र) विकत घ्या, तो रेकॉर्ड करतानाच लावा, रेशो (किती दाबायचं ते प्रमाण) 4:1 आणि अटॅक (दाब किती लवकर सुरू होतो ते) सर्वांत वेगवान ठेवा. जितकं दाबाल तितका आवाज भरदार, असं त्यात असतं. यंदा एक पेटी वाजवणारा मुलगा साठवलेले सगळे पैसे त्यावर घालायला निघाला, म्हणून हे लिहितो आहे.

‘हार्डवेअरशिवाय स्टुडिओचा आवाज येत नाही.’ टेपच्या काळात हे पटण्यासारखं होतं. टेपला स्वतःचीच खरखर असे, हळू गायलेले सूर तिच्यात बुडत, म्हणून आवाज आधीच आवळून टेपवर घ्यावा लागे. आज 24 बिटच्या रेकॉर्डिंगला कागदोपत्री 144 डेसिबलचा (सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजाचा) पल्ला आहे. सर्वांत मोठा सूर उणे 12 डेसिबलपर्यंत (शून्याच्या वर आवाज फुटतो) जाईल एवढाच गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवणारं बटण, ठेवा, हळू सूरही शाबूत राहतो. उलट रेकॉर्ड करतानाच दाबलेला आवाज नंतर पूर्ववत करता येत नाही. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रीआकॉम्प हा कॉम्प्रेसर असतोच. क्लांगहेल्म कंपनीचा डीसी1ए हा कॉम्प्रेसर प्लगिन (सॉफ्टवेअरमध्ये जोडायचा भाग) फुकट आहे आणि त्याला मुख्य बटणं दोनच. सुरुवातीला एवढं पुरतं.

जुन्या यंत्रांचा मान मी नाकारत नाही. एलए-2ए या जुन्या कॉम्प्रेसरमध्ये दिवा आणि प्रकाशाला दाद देणारा घटक असतो, म्हणून तो सावकाश सोडतो आणि आलापीला शोभतो. 1967 चा ‘1176’ नावाचा कॉम्प्रेसर मात्र सेकंदाच्या 50 हजाराव्या भागातही झडप घालू शकतो. हे दोन स्वभाव कानाला कळले की कुठल्याही प्लगिनची निवड सोपी होते.

‘अटॅक सर्वांत वेगवान ठेवा.’ माझा सर्वांत मोठा आक्षेप इथे आहे. घुमटावर (चामडं ताणलेल्या मातीच्या मडक्याच्या वाद्यावर) थाप पडते तेव्हा पहिल्या काही मिलिसेकंदांत चामड्याचा कडक ‘टण्’ असतो, मग मडक्याच्या पोटातला घुमारा येतो. अटॅक अर्ध्या मिलिसेकंदावर ठेवलात तर कॉम्प्रेसर त्या ‘टण्’लाच धरतो. उरतो तो नुसता घुमारा, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा, आणि शामेळ (घुमटाच्या साथीचा ढोल), झांज यांच्या गर्दीत आरतीची लयच ढिली वाटते. अटॅक 20 ते 30 मिलिसेकंद ठेवा. थाप सुटून जाते, मागचा घुमारा तेवढा आवरला जातो. रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) 100 मिलिसेकंदांपासून सुरू करून पुढची थाप पडण्याआधी किती दाबलं ते दाखवणारा काटा परत येतो का ते पाहा. आरतीची लय वाढली की रिलीजही कमी करावा लागतो. तबला-पखवाजाचंही तेच.

‘रेशो 4:1.’ थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीच्या वर दाबणं सुरू होतं ती, न सांगता या आकड्याला काही अर्थ नाही. थ्रेशोल्ड उणे 18 असेल आणि सूर उणे 10 वर गेला, तर वरचे 8 डेसिबल 2 होतात, म्हणजे 6 डेसिबल दाबले गेले. थ्रेशोल्ड उणे 8 ठेवला तर त्याच सुराला धक्काही लागत नाही. गळ्यासाठी काटा 3-4 डेसिबल हलेल असं जुळवा, रेशो मग 2:1 असो की 3:1.

‘जितकं जास्त, तितकं भरदार.’ दाबल्यावर मेकअप गेनने (दाबल्यामुळे कमी झालेला आवाज भरून काढणाऱ्या वाढीने) आवाज वर येतो आणि कानाला मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो. दोन्ही आवाज सारख्या पातळीवर आणून कॉम्प्रेसर चालू-बंद करा, तेव्हाच खरा फरक ऐकू येईल. शिवाय मेकअप 10 डेसिबल वाढवला की दोन ओळींच्या मधल्या शांततेत पंखा आणि कौलांवरचा पाऊसही 10 डेसिबलने वर येतो. सगळं मंडळ एकाच माइकवर घेतलं असेल तर आणखी वाईट: झांजेच्या प्रत्येक ठोक्याला कॉम्प्रेसर दचकतो आणि बुवांचा आवाज खाली बसतो. याला कुठल्याच किमतीचा कॉम्प्रेसर उपाय नाही. झांजवाल्याला माटोळीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीच्या) पलीकडच्या कोपऱ्यात बसवा, माइक बुवांपासून वीतभर अंतरावर ठेवा, मागच्या उघड्या भिंतीवर दोन जाड गोधड्या टांगा आणि तार सप्तकात जाताना बुवांना थोडं मागे सरायला सांगा.

त्या मुलाला मी एवढंच करायला लावलं. पैसे अजून त्याच्याकडेच आहेत, आणि ‘सुखकर्ता’च्या त्याच्या रेकॉर्डिंगात घुमटाची थाप आता स्वच्छ ऐकू येते.